एकतीस पैकी एकतीस

२० जुलै, रविवार. सायंकाळी साडेसहा.

आजपासून रोजनिशी. वही ह्यांची आहे. पुढून ह्यांनी लिहिली, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लिहायचे तशीच: तारीख, पाण्याचं तापमान, मीठ, किती तोंडं उघडी. अर्धी वही कोरी राहिली. कोरा कागद वाया जाऊ नये एवढाच हेतू. मी मागून सुरू करते.

तोंडं कुणाची ते लिहून ठेवते. बैठकीत टीव्हीच्या जागी काचेची टाकी आहे. टीव्ही आतल्या खोलीत गेला, त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. टाकीत मिठाचं पाणी, एक मासा, एक पट्ट्यापट्ट्यांचा झिंगा आणि एक प्रवाळ. मिटलेलं असलं की दगडावर नारिंगी बोंडं चिकटवल्यासारखं दिसतं. उघडलं की प्रत्येक बोंडातून पिवळं फूल येतं, शेवंतीसारखं. बाकीची प्रवाळं उजेडावर जगतात. त्यांच्या अंगात शेवाळासारखं काही असतं, ते त्यांना अन्न करून घालतं. ह्याच्या अंगात ते नाही. ह्याला भरवावं लागतं. ड्रॉपरने, एकेका तोंडाला. तोंडं एकतीस.

ह्यांची शेवटची नोंद अशी: '३१ पैकी ३१ उघडी. द्वारकाला दाखवणे.'

त्याआधी कितीतरी संध्याकाळी हाक मारायचे. द्वारका, ये, बघ, उघडलं. मी आतून म्हणायची, भाकरी तव्यावर आहे. ती नोंद मंगळवारची. बुधवारी छातीत कळ आली. नांदेडला पोचेपर्यंत संपलं.

नऊ महिने झाले. मला अजून सत्तावीसच्या वर दिसलेली नाहीत.

निश्चय: आश्विनात वर्षश्राद्ध. त्याच्या आत एकतीस पैकी एकतीस बघायची, नोंद पुरी करायची, आणि टाकी नांदेडच्या दिपकला देऊन टाकायची. दिपक म्हणजे ह्यांचा ह्या छंदातला मित्र, वयाने कोमलएवढा. कोमल माझी लेक, पुण्यात असते. मला स्वतःला ह्या दगडाची ओढ नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

आज अठरा. हवा ढगाळ होती.

२१ जुलै, सोमवार. एकादशी.

मी माळकरी. ह्यांच्या गळ्यात माळ नव्हती, पण घरात मटण-मच्छी कधी शिजली नाही. प्रवाळाचं खाणं तेवढं मांसाचं, गोठवलेले बारीक झिंगे. ते व्हरांड्यातल्या छोट्या फ्रीजमध्ये. ह्यांच्या हयातीत मी त्या फ्रीजला हात लावला नाही. आता लावते. हातमोजे, नाकाला पदर, नजर दुसरीकडे. नजर दुसरीकडे असल्याने मागच्या महिन्यात एक तुकडा माझ्याच चपलेत पडला. तीन दिवस वास कुठून येतो ते कळलं नाही.

आज प्रवाळालाही एकादशी घडवली. काही कुरकुर नाही. शहाणं आहे.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण लागला.

श्रावणात व्हरांड्यातसुद्धा मांस नको. रात्रभर विचार करून उपाय काढला. प्रवाळाला महिनाभर शाकाहार.

मुगाचं कढण, चार वेळा गाळून. त्यात आयुर्वेदाच्या दुकानातली शेवाळाची हिरवी पूड. समुद्रात शेवाळ असतंच, म्हणजे हे त्याचं माहेरचं जेवण झालं.

आधी पंप बंद केला. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग प्रवाळावर पालथा ठेवला. ही ह्यांची युक्ती. नाहीतर तो पट्ट्यांचा झिंगा तोंडातला घास ओढून नेतो. ह्यांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. मग बाटलीच्या तोंडातून ड्रॉपर आत घालून एकेकाला कढण.

तेवीस तोंडं उघडी होती. कढण गेलं आणि सगळी मिटली. पोट भरलं असणार.

२९ जुलै, मंगळवार.

चौदा. पाणी गढूळ. दोन बादल्या बदलल्या. कारखान्यात उसाच्या रसातली साखर बघायचे तशीच एक दुर्बीण मीठ बघायलाही असते. ती डोळ्याला लावली. मीठ बरोबर आहे. म्हणजे माझं काही चुकलेलं नाही.

कोमलचा फोन. आई, जेवलीस का? म्हटलं, हो. चिवडा हेही जेवणच आहे.

२ ऑगस्ट, शनिवार.

नऊ. पण जी नऊ आहेत ती तेजस्वी वाटतात. सडपातळ झालंय. उपासाने अंग हलकं होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार. एकादशी.

शेजारच्या रुक्माबाई आल्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. वसमतच्या निम्म्या दंडांवर त्यांच्या सुईची खूण आहे. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यांचा चष्मा जाड आहे पण नजर भलती तीक्ष्ण.

टाकीशी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, द्वारकाबाई, ह्याची हाडं दिसून राहिली.

मी म्हटलं, हाड नाही, तो त्याचा दगडच असतो.

त्या म्हणाल्या, तेच सांगून राहिले. मास आत गेलं अन् दगड बाहेर आला. काय घालता?

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मुगाचं कढण! अहो, ते काय बाळंतीण हाय का? काहून उपाशी मारता त्याला? माणिकराव असते तर तुमालाच पाजलं असतं ते कढण.

ह्यांचं नाव निघालं. मी उठून चहा टाकला.

६ ऑगस्ट, बुधवार.

तोडगा निघाला. माझ्याच डोक्यातून.

फ्रीज श्रावणापुरता रुक्माबाईंच्या व्हरांड्यात. त्यांच्या घरात मासे शिजतात, त्यांना अडचण नाही. संध्याकाळी त्या वाटीत झिंगे विरघळवून कुंपणाच्या भिंतीवरून माझ्या हातात देतील. मी ती सरळ टाकीत रिकामी करणार. टाकीचं पाणी समुद्राचं. समुद्राला श्रावण नसतो.

फ्रीज दोघींनी ढकलत नेला. मध्येच त्याचं दार उघडलं. ते मी बघितलं नाही.

वाटी द्यायच्या वेळी रुक्माबाई भिंतीवरून ओरडल्या, घ्या वं बाई, नैवेद्य! सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. सांगून बघणार आहे, एवढ्या मोठ्याने नको.

वाटीबरोबर एक झाकलेली ताटलीही होती. भाकरी आणि दोडक्याची भाजी. म्हणाल्या, हे तुमच्या टाकीसाठी न्हाई. मी म्हटलं, माझं जेवण झालंय. ताटली ठेवून घेतली, अन्न परत करू नये म्हणून.

प्रवाळ: अकरा.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

एकवीस! कढणाचा चांगला परिणाम आता दिसायला लागला. आधी पोट साफ झालं, म्हणून आता अन्न लागतंय.

१८ ऑगस्ट, सोमवार. सायंकाळी सात.

मोठा शोध लागला. प्रवाळाला वाचून दाखवलेलं कळतं.

मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांवर झालं. मग हे लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले. मोठ्याने वाचायची सवय पुड्यांपासूनची आहे. तर आज झिंग्यांच्या वाटीतलं वरचं पाणी टाकीत सोडलं आणि वाट बघत बसले. हे तसंच करायचे, आधी थोडं पाणी, मग पंधरा मिनिटं थांबायचं. बसल्या बसल्या पेपर मोठ्याने वाचला. अग्रलेख: सोळा. राशिभविष्य: एकोणीस. बाजारभाव सुरू केले, वसमतची हळद, कांडी आणि गट्टू, तर एकेक करत पंचवीस!

ह्यांचा आवाज असाच आकडे वाचण्यासारखा होता. प्रवाळाच्या लक्षात राहिलं असणार. सबंध जगात ही गोष्ट फक्त मला माहीत आहे.

२१ ऑगस्ट, गुरुवार.

हळद तेजीत: सव्वीस. काल मंदी होती, तेवीसच आली. ताळा जमतो.

कोमलला सांगितलं. ती म्हणाली, आई, तू घराबाहेर कधी गेली होतीस?

भाजी आणायला जातेच की.

१ सप्टेंबर, सोमवार. महालक्ष्म्या.

ह्या वर्षी आमच्याकडे लक्ष्म्या बसल्या नाहीत. वर्ष व्हायचं आहे. गल्लीतल्या बायका घरोघर हळदी-कुंकवाला जातात, आमचं दार सोडून जातात. रीतच आहे. मला त्याचं काही नाही.

परंतु काही तरी बघायला त्यांना बोलवायला हरकत नाही, असा विचार करून काल सगळ्यांना निरोप दिला होता. संध्याकाळी सातला प्रवाळ उघडतं, बघायला या. शेंगदाण्याचे लाडू केले. खुर्च्या मांडल्या. झिंग्यांचं पाणी पावणेसातला सोडलं. पेपर तयार ठेवला.

अकरा बायका आल्या.

उघडी तोंडं: शून्य.

मी बोलत राहिले. समुद्र, उजेड, शेवाळ, सगळं सांगितलं. हळदीचे भाव दोनदा वाचले. एक म्हणाली, हे पोवळंच ना? माझ्या नणंदेला ज्योतिषानं अंगठीत घालायला सांगितलं, एक बोंड मोडून देता का? मी म्हटलं, हे जिवंत आहे. ती म्हणाली, व्हय का? आणि दगडाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

निघताना सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात कुंकवाची कोयरी होती, दुसऱ्या घरून येत होत्या. मला लावता येईना, तसंच परत जायला बरं वाटेना. त्यांनी टाकीच्या काचेला हळद-कुंकू लावलं आणि नमस्कार केला. मग पाठोपाठ सगळ्यांनी लावलं.

शेवटची बाई चप्पल घालून फाटकाबाहेर पडली आणि पंचवीस तोंडं उघडली.

लाजाळू आहे. दोष देत नाही. काच पुसली नाही अजून.

७ सप्टेंबर, रविवार.

कोमलचा व्हिडिओ कॉल. वकिलासारखी बोलायला लागली आहे. म्हणे, अकरा महिन्यांत तू वसमतच्या बाहेर रात्र काढली नाहीस. मावशी चार वेळा बोलावून थकली. टँक तुला घरात बांधून ठेवतोय.

मी म्हटलं, अगं देऊनच टाकणार आहे, आश्विनात, दिपकला.

ती म्हणाली, मग आत्ताच दे ना. मी त्याला फोन करते.

मी म्हटलं, ऐक, आत्ता पितृपक्ष लागला. पितृपक्षात वस्तू हलवत नाहीत.

ती म्हणाली, असं काही नसतं, आई.

मग तिने अट घातली. मावशीकडे पुसेगावला चार दिवस राहून दाखव. तू नसताना टँक नीट राहिला तर ठेव, मी पुन्हा बोलणार नाही. नाही राहिला तर दसरा झाला की दिपकदादा येऊन नेईल.

मी कबूल केलं. मला ठेवायचाच नाही, त्यामुळे कबूल करायला काही लागलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार.

दिपकचा फोन. काकू, कधी येऊ? त्याला आधी विचारलं, किती वेळा भरवशील? म्हणाला, आठवड्यातून दोनदा.

आठवड्यातून दोनदा!

फोन ठेवला. रेंज नव्हती. मग अर्धा तास रेंज येऊच दिली नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

पाऊस असा की गल्लीचा ओढा झाला. सकाळी दहाला वीज गेली. ह्यांनी अशा वेळेसाठी सेलवर चालणारा हवेचा पंप ठेवला आहे, पाण्यात बुडबुडे सोडायला. काढला. सेल नाहीत. कुणीतरी ते टीव्हीच्या रिमोटला घातलेले. घरात मी एकटीच राहते, तरी नक्की कुणी ते सांगता येत नाही.

रिमोटचे सेल काढून पंपाला घातले. मेलेले. आठ दिवसांपासून टीव्हीचा आवाज वाढत नव्हता, त्याचं कारण कळलं.

तांब्याने पाणी उपसून वरून सोडत राहिले. साडेदहापासून. बाराला रुक्माबाई छत्री घेऊन आल्या, तांब्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, व्हा बाजूला, ड्युटी बदलली. दोघींनी पाळ्या लावल्या. चारला वीज आली. माशाला काही नाही, मुकादमाला काही नाही. प्रवाळ मिटलेलं.

रुक्माबाईंनी विचारलं, सकाळून काय खाल्लं? मी म्हटलं, वेळ कुठं होता. त्या म्हणाल्या, तुमाला भरवाया बी ड्रॉपर आणू का?

२८ सप्टेंबर, रविवार. वर्षश्राद्ध.

सगळं यथासांग झालं. कोमल, जावई आले. बहीण चतुरा पुसेगावहून आली. ह्यांना आवडायची म्हणून सुरळीची वडी केली. गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच आला. खाली येऊन टाकीत बघितलं.

चोवीस.

मला वाटलं होतं आज तरी. हळदीचे भाव वाचायला घरात माणसं होती, जमलं नाही. हेच कारण असेल.

चतुरा म्हणाली, आक्का, शनिवारी येऊन राहिलीस नं? आता नाही म्हणायचं न्हाई.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

रुक्माबाईंसाठी सूचना लिहायला घेतल्या. अकरा पानं झाली. पंप, बाटली, मुकादम, झिंग्यांचं पाणी, वेळ: सात वाजून पाच मिनिटं. पान सात: पेपर कोणत्या आवाजात वाचावा. त्यांना सकाळी विहारात जायचं होतं, पांढरी साडी नेसून दारातच उभ्या राहून सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, एवढे कागद तर पोलिओच्या मोहिमेला बी नव्हते.

त्यांना बजावलं. उघडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. त्याला माझ्या हाताची सवय आहे. चार दिवस मिटून राहील, मरणार नाही. मी आले की उघडेल.

खरं सांगायचं तर मिटूनच राहावं, असं वाटतं. हे खोडायला हवं. नंतर खोडीन.

४ ऑक्टोबर, शनिवार. पुसेगाव.

वसमत ते हिंगोली बस, तिथून पुढे जीप. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक शेळी. शेळी माझ्याकडेच बघत होती. हिलाही कुणी तरी भरवतच असेल, असं मनात आलं.

इथे सोयाबीन काढणी चालू. ह्या वर्षी पावसाने बरंच नासलं, राहिलंय त्याची घाई आहे. चतुराने गेल्या गेल्या ताट वाढलं. भूक नव्हती. दोन भाकरी गेल्या. प्रवासाने होतं असं.

साडेसातला फोन. रुक्माबाई म्हणाल्या, उघडलं की! किती? मोजले न्हाई वं, लई होते.

लई म्हणजे किती? आकडा सांगायला पाहिजे. सूचना, पान तीन.

५ ऑक्टोबर, रविवार. पुसेगाव.

तीन वेळा जेवले. चतुराकडे मिरचीचा ठेचा पाट्यावरचा असतो, त्याला इलाज नाही. दुपारी झोपही लागली. चतुराचा नवरा म्हणाला, आक्का, घोरताय चांगल्या. चतुराने त्याला दटावलं. बहुतेक त्याने ट्रॅक्टर ऐकला असणार.

संध्याकाळचा फोन मी करणार नव्हते. केला. उघडलं.

६ ऑक्टोबर, सोमवार. पुसेगाव. दुपारी तीन.

दीड वाजता फोन वाजला. जेवत होते. चतुरा म्हणाली, आक्का, जेवण झाल्यावर घे. भाकरी हातात होती, म्हटलं थांबू दे. दोनदा वाजला. जेवून हात धुतला आणि बघितलं. रुक्माबाईंनी फोटो पाठवला होता.

सगळं प्रवाळ उघडलेलं. भर दुपारी. इतकं, की खालचा दगड दिसत नाही. पिवळंच पिवळं. एका कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय.

मोजलं. चतुराचा चष्मा लावून पुन्हा मोजलं. तीस, आणि अंगठा.

फोन लावला. अंगठ्याखालचं उघडं होतं का? त्या म्हणाल्या, सगळेच उघडे होते, बाई, म्हणून तर फोन करून राहिले होते. संध्याकाळी मला मीटिंग आहे, म्हणून दुपारीच खाऊ घालून टाकलं. आता मिटायला लागलं.

पेपर वाचला का? न्हाई. मग काय केलं? काही न्हाई. मोबाईलवर मालिका बघत बसले, वास लागला तसं उघडलं. द्वारकाबाई, ते कुणाचा हात हाय ते विचारत न्हाई.

एकतीस पैकी एकतीस. आणि मी इथे पुसेगावात भाकरी खात होते.

परत भाकरी.

चतुराने विचारलं, काहून रडून राहिलीस? मी म्हटलं, ठेचा. आज ताटात ठेचा नव्हता. ती शेजारी बसून शेंगा निवडत राहिली.

८ ऑक्टोबर, बुधवार. वसमत.

घरी आले. टाकी स्वच्छ, मासा जाडा, मुकादम मस्तवाल. काचेवरचं हळद-कुंकू तसंच. दगड उघडा पडला होता तिथे मांस परत चढलंय. आणि खाली, दगडाला लागून, ज्वारीच्या दाण्याएवढं नारिंगी नवं बोंड. पिल्लू. मी नसताना आलं.

म्हणजे आता बत्तीस.

कोमलला फोन केला. टँक राहिला का नीट? राहिला. म्हणजे तू अट जिंकलीस, आई! इतकी खूश झाली की मला सांगता आलं नाही की जिंकण्यात माझा काही हात नव्हता.

दिपकला फोन केला. नवं पिल्लू आहे, आत्ता हलवायचं नाही, म्हटलं. तो हसला. काकू, मला माहीतच होतं. मी म्हटलं, तुला काय माहीत होतं? पुन्हा रेंज गेली.

ओट्यावर रुक्माबाईंनी ठेवलेला डबा होता. भेंडी, भाकरी. गरम नव्हती. बसून सगळी खाल्ली.

हळदीचे भाव वाचून बघितले. सव्वीस. रुक्माबाईंना उद्या दुपारी दीडला बोलावलं आहे. प्रवाळासमोर त्यांनी बसायचं, मालिका लावायची, वाटीतलं पाणी सोडायचं. मी स्वयंपाकघरात थांबणार, माझी सावलीसुद्धा बैठकीत नको. सगळी उघडली की त्यांनी हाक मारायची. ह्या वेळी काहीही तव्यावर असलं तरी जायचं. पक्का निश्चय.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

इंग्रजी तारखेने आज वर्ष.

दीडला रुक्माबाई आल्या. मी आत भाकरी थापत होते. बाहेर मालिकेतली कुणीतरी बाई रडत होती. वीस मिनिटं गेली. मग हाक आली, द्वारकाबाई, या, बघा, उघडलं!

भाकरी तव्यावर होती. गॅस बंद केला आणि पिठाच्या हातानेच पळाले.

एकोणतीस.

दोघींनी मिळून दोनदा मोजली. पिल्लू धरून एकोणतीसच. रुक्माबाई म्हणाल्या, उद्या बघू. भाकरी एका बाजूने कच्ची राहिली होती. तीच दोघींनी खाल्ली, तिथेच टाकीसमोर बसून.